मांजऱ्या आणि फुरसे



कामगार चळवळीतल्या माणसाने सापावर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. माझी शाळा सातवीपाशी संपली. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर. पण इथल्या एका लोखंडाच्या कारखान्यात रात्रपाळीच्या हमालाला साप चावला आणि हा विषय शिकणे मला भाग पडले.

साप भंगाराच्या ढिगातून निघाला. 'फुरसे, फुरसे' अशी ओरड झाली आणि कोणीतरी पहारीने त्याचे डोके ठेचले. मी पोचलो तेव्हा शेपूट तेवढे शाबूत होते.

तपकिरी अंग, पाठीवर पांढुरकी नक्षी, डोळ्यांत उभी बाहुली. एवढ्यावरून मांजऱ्या साप पुष्कळदा फुरसे म्हणूनच मारला जातो. दोघांना शास्त्रीय नाव देणारा गृहस्थही एकच, जर्मनीचा श्नायडर. फुरशाला १८०१ साली, मांजऱ्याला १८०२ साली. हा मुळात ग्रीक भाषेचा पंडित होता, हे वाचून मला जरा धीर आला! पुढे शास्त्रज्ञांनी दोघांची कुळे वेगळी केली. फुरसे घोणसाच्या कुळातले. त्याचे विषदंत पुढे असतात आणि मिटतात. मांजऱ्या धामणीच्या कुळात. त्याचे खाचेचे दात जबड्याच्या मागल्या टोकाला, विष पालीसरड्यांपुरते. अशा सापाला आपल्याकडे निमविषारी म्हणतात.

डोक्यावर मोठे, फरशीसारखे खवले असले तर मांजऱ्या, बारीक कणीसारखे असले तर फुरसे. इथे डोकेच नव्हते. मग शेपूट उलटे केले. फुरशाच्या शेपटाखाली खवल्यांची एकच ओळ असते, मांजऱ्याच्या दोन. भिंगातून दोन ओळी स्वच्छ दिसल्या.

तरीही गड्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलेच. माझ्या भिंगावर दुसऱ्याचा जीव टांगण्याचा मला अधिकार नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. म्हणून डॉक्टरांनी त्याचे थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतले आणि वीस मिनिटे न हलविता ठेविले. आम्ही दाराशी उभे. नळी कलती केली. रक्त गोठले होते. काही तासांनी पुन्हा तेच करून पाहिले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरची लस द्यावी लागली नाही.

बोटाची सूज दोन दिवसांनी उतरली. ते दोन्ही दिवस ठेकेदाराने खाडे धरले. साप विषारी नव्हता, हे तुम्हीच सांगितलेत ना, असे तो मला म्हणतो. निमविषारी म्हणजे बिनविषारी नव्हे, हे मी त्याला तीनदा सांगितले आहे. त्या दोन रोजांची बोलणी अजून चालू आहेत.