तट सरकला, खोली तेवढीच



विषय संगणकाचा आहे, पण तो तुमच्या मुलांच्या दाखल-खारीज रजिस्टराशी निगडित आहे. कागदी रजिस्टर अजून आहे, खरे. मात्र त्याची पहिली पाने बोट लावताच तुटतात. म्हणून त्यातील नोंदी आम्ही संगणकात उतरविल्या. तेथे विंडोजच्या पोटात व्हर्च्युअलबॉक्सद्वारे उबुंटूचे एक व्हर्च्युअल मशीन चालते. त्याची डिस्क म्हणजे वस्तुतः एक मोठी फाइलच होय. २५ जीबीची ती डिस्क भरली आणि नवी नोंद होईना.

मशीन बंद करून मी डिस्क ६० जीबीची केली. सुरू करून पाहतो तो आत जागा तेवढीच! असे का व्हावे? आपल्या खुलताबादचा तट उद्या कोणी शंभर हात पुढे सरकविला, तरी तुमच्या घरातील खोली मोठी होईल काय? डिस्क हा तट, पार्टिशन ही खोली आणि फाइल सिस्टिम ही खोलीतील मांडणी. तिन्ही याच क्रमाने वाढवावी लागतात. लहान करताना क्रम उलटा: आधी मांडणी आवरावी, मग भिंत आत घ्यावी. हे चुकले तर भिंतीबाहेर पडलेली नोंद गेलीच म्हणून समजा. व्हर्च्युअलबॉक्स तर एकदा वाढविलेली डिस्क लहान करूनच देत नाही; तेव्हा आकडा विचाराने घालावा.

पुढे आणखी अडचण आली. पार्टिशन लगतच्या मोकळ्या जागेतच वाढते आणि आमच्या मध्ये स्वॅपचे पार्टिशन आडवे होते. (२०१७ पासूनच्या उबुंटूत स्वॅप सहसा फाइलीत असतो, आमची आवृत्ती जुनी.) विंडोजमध्येही ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ दाबता येत नाही, ते पुष्कळदा रिकव्हरी पार्टिशन असे मध्ये आल्यामुळे. मग जीपार्टेडवरून मशीन सुरू केले, स्वॅप टोकाला नेला व मुख्य पार्टिशन वाढविले. आतील मांडणी जीपार्टेड स्वतःच वाढवितो.

आता कबुली देतो. हे सारे मी प्रत न घेता आरंभिले होते, आणि स्वॅप सरकत असतानाच वीज गेली. स्वॅपमध्ये कायमचे काही नसते, म्हणून निभावले. मुख्य पार्टिशन सरकत असते, तर कित्येक मुलींच्या जन्मतारखा पुन्हा त्या तुटक्या पानांतून शोधाव्या लागत्या. स्नॅपशॉट म्हणजे प्रत, असे कोणी समजू नये. तो मूळ डिस्कवरच विसंबून असतो. आता डिस्कची फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवितो, दुसऱ्या संगणकावर ती उघडते की नाही ते पाहतो, आणि मगच पार्टिशनला हात लावतो. ती हार्ड डिस्क कचेरीच्या कपाटात असते. किल्ली हेडमास्तर साहेबांकडे.