ज्याला हात लावता येत नाही, ते कुणाच्या हातात असते?

हदगाव तालुक्यातून, पैनगंगेपलीकडून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

 संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आज मला एका इंग्रजी शब्दाविषयी बोलायचे आहे. शब्द आहे 'इन्टँजिबल'. १७ ऑक्टोबर २००३ रोजी युनेस्कोने वारसा जतनाचा एक करार स्वीकारला. २००५ मध्ये भारत त्यात सामील झाला आणि 'अमूर्त सांस्कृतिक वारसा' हे शब्द आपल्याकडच्या परिपत्रकांत आणि चर्चासत्रांत रुळले. गाणी, सण, विधी, कारागिरी, निसर्गाचे ज्ञान हे सारे त्यात येते. २०१७ मध्ये कुंभमेळा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला, त्या मेळ्याच्या स्थानांत आपले नाशिक आहे.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधले 'स्पर्श करणे' हे क्रियापद आहे. ज्याला हात लावता येत नाही, ते इन्टँजिबल. आपण मात्र 'अमूर्त' म्हणतो, म्हणजे ज्याला आकार नाही ते. चित्रकलेतल्या 'ॲब्स्ट्रॅक्ट'लाही आपण हाच शब्द वापरतो. पण ओवीला आकार नाही, असे कोण म्हणेल?

जाते आठवा. समोरासमोर बसलेल्या दोघी जावा, एका खुंट्यावर दोघींचे हात. एकीने मूठभर ज्वारीची वैरण घालायची, दुसरीने फेरा चालू ठेवायचा. दगडाच्या फेऱ्यावर ओवीचा चरण बसायचा आणि दम लागला की ओळ तुटायची. ओवीचा आकार त्या दोघींच्या श्वासाने ठरवला होता. पुढे गावात पिठाची गिरणी आली. जात्याची तळी आजही कुणाच्या अंगणात पायरी होऊन पडलेली दिसते. दगड राहिला, ओवी गेली. हात लावता येणारे टिकले, न येणारे हरपले.

आपल्याच मराठवाड्याचे ना. गो. नांदापूरकर यांनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या आणि त्या संग्रहाला 'मराठीचे स्त्रीधन' हे नाव दिले. स्त्रीधन म्हणजे बाईच्या हक्काची मालमत्ता. युनेस्कोच्या कराराच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने ओवीला मालमत्ता म्हटले आणि तिची मालकीणही सांगितली. पुढे अभ्यासक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह लाखावर ओव्या नोंदवल्या, त्या गाणाऱ्या बायकांची नावे आणि गावे लिहून.

मालकाचे नाव सांगणे ही मराठीची खोड आहे. जे हातात धरता येत नाही, त्यालाही ती माणसाच्या अंगावर जागा देते. सुईणीला हातगुण असतो. सुनेला पायगुण असतो. आजीच्या हाताला चव असते. अभंग मुखोद्गत असतो, काम अंगवळणी पडते, कला अंगात असते. इंग्रजी शब्द सांगतो की याला स्पर्श करता येत नाही. मराठी विचारते, हे कुणाच्या अंगी आहे?

अंगी असलेला शब्द माणसांबरोबर दूरवर जातो. संत नामदेवांचे गाव नरसी कयाधू नदीच्या काठी आहे आणि ती कयाधू आपल्या पैनगंगेला मिळते. नामदेवांचा शब्द पंजाबात पोचला, लोकांच्या कंठात राहिला, आणि १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात त्यांच्या ६१ पदांना स्थान मिळाले. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी नांदेडमध्ये ग्रंथालाच गुरुपद दिले. कयाधूकाठचा शब्द असा गोदाकाठी परत आला. कंठ होते म्हणून तो वाचला.

आता मनाला बोचणारी गोष्ट सांगतो. 'इन्टँजिबल'चे शब्दशः भाषांतर करू गेलो, तर हाती येणारा शब्द आहे 'अस्पृश्य'. भाषांतरकारांनी तो टाळला, योग्यच केले. पण इतिहास टाळता येत नाही. लग्नाच्या वरातीपुढे हलगी वाजायची. वाजवणारा आधी कडब्याचा जाळ करून तिचे कातडे तापवायचा, बोटाने टिचकी मारून कान लावायचा, पुन्हा तापवायचा. सूर चढला की काडी आणि टिपरू चालायचे आणि सारा गाव नाचायचा. नंतर पंगत बसायची, तेव्हा हा कलावंत लांब बसलेला असायचा. ताल सगळ्यांचा होता, तो ज्याच्या हातात होता त्याचा हात मात्र कुणी धरत नव्हते. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही लोककलेवरच्या आपल्या लेखांत 'हलगीचा ताल' असतो आणि हलगीवाल्याचे नाव नसते. ही त्याच जुन्या अंतराची खूण आहे, असे मी मानतो.

म्हणून नवा प्रतिशब्द शोधण्याचा आग्रह मी धरत नाही. 'अमूर्त' राहू द्या. पण त्याच्यापुढे प्रत्येक वेळी माणसाचे नाव लिहा. २०२५ मध्ये शिवरायांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, आपल्या सर्वांचा ऊर भरून आला. किल्ला थांबतो. ओवी म्हणणारी आजी थांबत नाही.

इथे बसलेल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना, कवींना माझी विनंती आहे. घरी गेल्यावर आजीजवळ, सालगड्याजवळ, हलगीवाल्याजवळ बसा. मोबाईलवर आवाज घ्या. वहीत ओवी लिहा, म्हण लिहा, पेरणीचा आडाखा लिहा. आणि त्याच्या वर, पहिल्या ओळीत, सांगणाऱ्याचे नाव आणि गाव लिहा.