उशाशी पाणी नको



कोकणात सहलीला निघालेल्या आपल्या घाटावरच्या माणसाचं एक मागणं ठरलेलं असतं. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसला पाहिजे! 2006 सालच्या नाताळच्या सुट्टीत आईला घेऊन रत्नागिरीला निघालो, तेव्हा माझंही तेच होतं. सातारकर कराडहून कुंभार्ली घाटाने उतरतात, आम्ही सांगलीकर कोल्हापूर, मलकापूर करत आंबा घाटाने. एसटी घाट उतरल्यावर आई म्हणाली, "समुद्र बघूया की. पण झोपायला गावात."

माझा चेहरा पडला. पण कारण विचारायची गरज नव्हती. आईचं माहेर वाईचं, सासर सांगलीचं, म्हणजे सगळा जन्म कृष्णाकाठी गेलेला. आदल्याच वर्षी, 2005 च्या महापुरात, आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. सांगलीत पुराची मोजणी आयर्विन पुलाच्या फुटांवर चालते. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. आकडा चढताना सगळे सांगतात. उतरणार कधी, ते कोणी सांगत नाही. तेव्हापासून रात्री पाण्याचा आवाज आला, की ती उठून बसायची. मोरीतला नळ ठिबकला तरी.

तेव्हा एसटी स्टँडजवळचं एक साधं लॉज घेतलं. दुसरा मजला, दोन लोखंडी कॉट, गरम पाणी सकाळी सहा ते नऊ बादलीने मिळेल अशी भिंतीवर पाटी. खिडकीतून दिसत होते रिक्षावाले आणि एक भेळेची गाडी. रजिस्टरात सही करताना आईने मॅनेजरला विचारलं, "पाणी इथवर येतं का हो?"

मला ओशाळल्यासारखं झालं. मॅनेजर हसले मात्र नाहीत. म्हणाले, "नाही आजी, आपण उंचावर आहोत. आणि समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, तसं दोनदा उतरतं. वेळ ठरलेली असते त्याची. तिथी ठाऊक आहे ना? तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता पुरी भरती. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी."

आईचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, पण पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ. "उद्या पंचमी. पाच पाऊणे पावणेचार," ती तिथल्या तिथे म्हणाली.

हा हिशोब ठोकळ आहे, थोडं मागंपुढं होतं. चंद्र रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर मागे सरकते, म्हणून तो जमतो. कोकणातल्या होडीवाल्यांना तो कोणी शिकवावा लागत नाही. मी शाळेत भूगोल शिकवला, पण मला तो ठाऊक नव्हता.

दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा 1910 सालचा, आणि 1916 साली राजा रत्नागिरीतच वारला. आईचं लक्ष मात्र माझ्या घड्याळाकडे. तीनला रिक्षा करून मांडवीला गेलो. काळसर वाळूत तिने चपला काढल्या, पाण्यापासून चांगली वीस पावलं मागे. पाणी पुढे सरकत आलं, ती दोन पावलं मागे हटली. पुन्हा आलं, पुन्हा हटली. चारच्या सुमाराला पाणी थांबलं. मग वाळूवर ओली रेघ ठेवून मागे जाऊ लागलं. आई त्या रेघेपर्यंत चालत गेली आणि पायाने ती चाचपून आली.

रात्री खालून एसटीच्या घोषणा ऐकू येत होत्या. दहा वाजले तशी आई अंधारात म्हणाली, "आता तळाला गेलं असेल."

"हो," मी म्हटलं.

"उद्या षष्ठी. साडेचार," असं म्हणून ती कुशीवर वळली.

2019 साली सांगलीत पाणी पुन्हा आलं, 2005 पेक्षाही वर. तेव्हा आई नव्हती. त्या पाण्याची पाऊणकी मात्र आम्हाला कोणी सांगितली नाही.