आज किती?
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘आयुष्यात काय शिकलीस ते पाच मिनिटांत सांग,’ असं संयोजकांनी फर्मावलं. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण त्यावर बोलले तर तुम्ही आत्ताच जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहाल. म्हणून घरातली गोष्ट सांगते. लेकीची परवानगी घेऊन आले आहे.

ती आता तेरा वर्षांची आहे. नऊ वर्षांची असताना तिला सारखी तहान लागायची, रात्री चार-चारदा लघवीला उठायची, वजन उतरत चाललं होतं. तपासणीत टाइप १ मधुमेह निघाला. ‘चॉकलेटं फार खायची का?’ हे मी किती जणांकडून ऐकलं असेल! पण हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावंच लागतं, रोज.

इंजिनिअर आई काय करणार? एक्सेल शीट केली. वेळ, साखर, पोळ्या किती, भात किती, इन्सुलिनची युनिटं किती. शाळेतले आकडे लेक वहीत लिहून आणायची, ते मी रात्री शीटमध्ये भरायचे. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी नावाची तपासणी असते, तिच्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर कळते. मी तिला ‘तिमाही परीक्षा’ म्हणायचे. लेक शाळेतून आली की दारातच विचारायचे, “आज किती?”

गेल्या वर्षी आम्ही दोघी पुण्याला एका परिषदेला गेलो. डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, रुग्ण आणि पालक, सगळे एकाच सभागृहात. प्रश्नोत्तरांत मी उठून विचारलं, “नाश्ता तोच, इन्सुलिन तेवढंच, तरी एक दिवस १४० आणि दुसऱ्या दिवशी २६०. चूक कुठे आहे?” मधल्या सुट्टीत एका नर्सताईंनी आम्हाला गाठलं. माझ्या शीटकडे त्यांनी पाहिलंच नाही. लेकीला विचारलं, “सुई कुठे टोचतेस गं?” पोट चाचपलं. एकाच जागी टोचून टोचून तिथे चरबीची गाठ झाली होती. अशा जागी दुखतं कमी, म्हणून मुलं तीच जागा धरतात. पण तिथून इन्सुलिन कधी लवकर शोषलं जातं, कधी उशिरा. त्या म्हणाल्या, “जागा बदलत राहा. पण डॉक्टरांना आधी विचारा, चांगल्या जागी डोस कमी लागू शकतो.” माझ्या शीटमध्ये सगळे रकाने होते, ‘कुठे?’ हा नव्हता.

दुपारी एक पंचविशीतला मुलगा बोलला. लहानपणापासून मधुमेह असलेला. “आई आधी साखरेची चौकशी करायची, मग माझी. आकडा वाईट असला की तिचा चेहरा पडायचा. तो पडू नये म्हणून मी आकडे बनवायला लागलो.” सभागृह हसलं. माझी लेक हसली नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आई, वहीतले काही आकडे मी मनानेच लिहिलेत.”

माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या आकड्यांवरून आम्ही डोस ठरवत होतो! ओरडायला तोंड उघडलं आणि आठवीतलं प्रगतिपुस्तक आठवलं. गणितात नापास झाले होते, तेव्हा बाबांची सही मीच केली होती. बाई, आज तीस वर्षांनी कबूल करते. मीही तेव्हा आकड्याला घाबरले नव्हते, बाबांच्या चेहऱ्याला घाबरले होते.

साखरेचा आकडा म्हणजे गुण नव्हेत, एवढं मी त्या परिषदेतून घेऊन आले. २६० म्हणजे नापास नाही. आता काय करायचं ते सांगणारी ती माहिती आहे, आणि खरी असेल तरच उपयोगाची.

इथे बसलेल्या आणि आज शिकवत असलेल्या सगळ्यांना एक विनंती. वर्गात असं मूल असेल आणि ते घामाघूम झालं, थरथरायला लागलं, उगाच चिडचिड करायला लागलं, तर त्याची साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. मूल शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर जागेवरच त्याला १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. त्याला एकट्याला कुठे पाठवू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि त्याने तासाला बिस्किट खाल्लं तर रागावू नका. शेवटच्या बाकावर आम्ही रोज डबे संपवायचो, तेव्हा सरांनी डोळेझाक केलीच होती की!

आता मी दारात विचारते, “भूक लागलीय का?” परवा चपला काढता काढता तीच म्हणाली, “आई, २३०. वर्गात केक होता, युनिटं कमी पडली.”

आकडा चांगला नव्हता, पण खरा होता. मी म्हटलं, “बरं झालं सांगितलंस. केक कसला होता?”