कोंडवाड्यातील दप्तर

वंशसंहाराचा इतिहास बहुधा मारेकऱ्यांच्या कागदपत्रांवरून लिहिला जातो. कचेऱ्या आणि शिक्के त्यांच्याच ताब्यात असतात. वॉर्साच्या घेट्टोत मात्र बळींनीच आपले दप्तर उभे केले. नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी ज्यूंना त्या भिंतीआड कोंडले आणि त्याच महिन्यात इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम यांनी हे काम संघटित केले. बैठका शनिवारी भरत, म्हणून त्याचे गुप्त नाव 'ओनेग शब्बात', शब्बाथचा आनंद.

रिंगेलब्लुम 'डावा पोआले झिऑन' या श्रमिकांच्या पक्षाचे कार्यकर्ते. चिटणीस हर्श वासर हे अर्थशास्त्र शिकलेले, त्याच पक्षाचे. ही बाब आनुषंगिक नव्हे. १९४१ मध्ये घेट्टोतील अधिकृत शिधा दरडोई दिवसाला २०० उष्मांकांहूनही कमी होता. माणसे तगत ती चोरट्या आयातीवर. लहान मुले भिंतीच्या भोकांतून बटाटे आणीत, आणि त्याच व्यापारात गब्बर झालेले उपाहारगृहांत मेजवान्या झोडीत. भिंतीआडही वर्ग होतेच! या दप्तराने ते सारे टिपले: काळ्या बाजाराचे भाव, शिधापत्रिका, गृहसमित्यांची धडपड. राखेल आउअरबाख या लेखिका अन्नछत्र चालवीत. तेथील सूप माणसाला वाचवीत नाही, मरण तेवढे लांबवते, हा त्यांचा कटू निष्कर्षही त्यात आहे. ज्यू पोलिसांची लाचखोरी दडवलेली नाही. स्वजनांची अब्रू झाकण्याचा मोह त्या स्थितीत क्षम्य ठरला असता; तो त्यांनी टाळला, म्हणूनच या कागदांवर विश्वास बसतो.

१९४२ च्या आरंभी हेल्म्नोच्या मृत्यूछावणीतून निसटलेल्या एका कैद्याची जबानी वासर दांपत्याने घेतली. विषारी वायूच्या मोटारींची ती हकीकत भूमिगत मार्गाने लंडनला पोचली. जगाला कळले, गाड्या थांबल्या नाहीत. २२ जुलैला ट्रेब्लिंकाकडे रवानगी सुरू झाली. ऑगस्टमध्ये नोवोलिप्की रस्त्यावरील शाळेच्या तळघरात पत्र्याच्या दहा पेट्या पुरल्या गेल्या. पुरणाऱ्यांत एक एकोणीस वर्षांचा तरुण होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाचे दोन कॅन पुरले.

मार्च १९४४ मध्ये रिंगेलब्लुम पत्नी व मुलासह मारले गेले. सुमारे साठ सहकाऱ्यांपैकी तिघे वाचले: वासर, त्यांच्या पत्नी ब्लुमा आणि आउअरबाख. वासरांनी सांगितलेल्या खुणेवरून १८ सप्टेंबर १९४६ रोजी ढिगाऱ्याखालून पेट्या निघाल्या. आत पाणी शिरले होते. कॅन १ डिसेंबर १९५० रोजी बांधकाम मजुरांना सापडले. ही सुमारे ३५,००० पाने आज वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत. तिसरा साठा मात्र अद्याप हाती लागलेला नाही.