बिऱ्हाड खेड्यात नेताना



आजचा विषय पत्रकात छापून आल्यापासून दोघा-तिघांनी मला वाटेत गाठून विचारले, "काय हो, प्लॉट विकण्याची एजन्सी घेतलीत की काय?" तसे काही नाही. विकावयाला माझ्याजवळ एक गुंठाही नाही. पण या प्रश्नावरून एवढे कळले की, शहर सोडून थोडे बाहेर, शेताच्या कडेला राहावयास जावे, हा विचार आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात शिजतो आहे. आपण बहुतेक सगळे खेड्यातून आलेल्यांची मुले किंवा नातवंडे. आजोबा ज्या गावातून ट्रंक उचलून निघाले, त्याच गावाकडे नातू आता मोटारीतून पाहू लागला आहे. मौजेची गोष्ट आहे, आणि थोडी काळजीचीही.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या एका स्नेह्याचे चिरंजीव आणि सूनबाई दोन मुलांसह वर्ध्याला माझ्याकडे उतरले होते. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीन वर्षांचा. चिरंजीवांचे काम संगणकावरचे. घरी बसून करता येते. मोकळी हवा मिळावी, मुलांचे पाय मातीला लागावेत आणि खर्चही जरा आवरावा, हा हेतू. त्यांनी दोन दिवसांत तीन जागा पाहिल्या. एक सेवाग्रामच्या रस्त्याला, एक पवनारकडे धाम नदीच्या अंगाला आणि तिसरी सेलू तालुक्यात बोरच्या जंगलाच्या बाजूला. रात्री जेवताना त्यांनी विचारले, "काका, यांतली कोणती घ्यावी?" मी म्हणालो, "बाबा रे, मार्गशीर्षात विदर्भातली कोणतीही जागा चांगलीच दिसते."

हे मी थट्टेने म्हटले नव्हते. त्या दिवसांत तूर फुलांवर असते, कापूस फुटलेला असतो, विहिरींना पाणी असते आणि उन्हातही शाल पांघरावीशी वाटते. वर्धा जिल्हा पाहावयाचा तर दोनदा पाहावा, एकदा वैशाखापासून नवतपा सरेपर्यंत आणि एकदा श्रावणात. नवतप्यात पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो, आणि ज्या विहिरीत मार्गशीर्षात वाकून हात बुडविता येत होता तिच्या तळाशी गाळ दिसू लागतो. आमच्याकडे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाणी पाषाणाच्या भेगांतून मिळावयाचे. शंभर पावलांवरच्या दोन विहिरींत एक बारमाही आणि एक होळीलाच कोरडी, असे सर्रास आढळते. शेजारच्या प्लॉटला पाणी लागले, म्हणजे आपल्यालाही लागेल, हा हिशेब तेथे चालत नाही.

श्रावणात निराळीच परीक्षा. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून आकसते. तिच्यावर उथळ पायाचे घर बांधले, तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडा जातो. पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो, हे गावातला कोणताही गवंडी सांगेल. पण गवंड्याला विचारण्याआधी आपण नकाशा काढून मोकळे होतो. आणि पांदण! हिवाळ्यात जिच्यावरून मोटार सुरेख गेली, तीच पांदण श्रावणात बंडीचे चाकही सोडीत नाही. मुलाला रात्री ताप भरला, तर त्या पांदणीतून कसे निघणार, हे जागा घेतानाच पाहावयाचे असते. कागदपत्रांबद्दल एकच सांगतो. शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात शेतजमीन विकत घेता येत नाही. सातबारा पाहिल्याशिवाय, जमीन अकृषिक झाली आहे की नाही आणि तिला नोंदलेला रस्ता आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय, केवळ मधुर भाषणावर इसार देऊ नये.

पण पाणी, पाया आणि कागद एवढेच सांगावयाचे असते, तर तुम्हाला संध्याकाळी येथवर बोलाविण्याचे कारण नव्हते. मला सांगावयाचे आहे ते माणसांविषयी. शहरातून खेड्यात जाऊन राहण्याचा आपल्या देशातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग वर्धा जिल्ह्यातच झाला, आणि तो नीट पाहिला तर आपल्या लहानशा प्रश्नावरही उजेड पडतो.

1930 मध्ये दांडीला निघताना गांधीजी स्वराज्य मिळाल्यावाचून साबरमतीला परतणार नाही, असे सांगून निघाले. पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहाने ते वर्ध्यास आले, मगनवाडीत राहिले आणि 30 एप्रिल 1936 रोजी वर्ध्यापासून चार-पाच मैलांवरच्या शेगाव या खेड्यात गेले. तारीख लक्षात ठेवा. ऐन वैशाखातली आहे. मीराबेन त्यांच्याआधीच तेथे जाऊन राहिल्या होत्या. गावाला धड रस्ता नव्हता, टपाल कचेरी नव्हती. साप भरपूर होते, आणि डासही. पहिल्याच पावसाळ्यात गांधीजींना हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या रुग्णालयात हलवावे लागले. टपालाची तर गंमतच होती. पत्रे गजानन महाराजांच्या शेगावला, बुलढाणा जिल्ह्यात जाऊन पडू लागली. म्हणून 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम केले गेले.

त्यांनी गाव निवडले ते सोयीसाठी नव्हे, हे उघड आहे. तुम्हा-आम्हाला ते ध्येय झेपणार नाही आणि मी तसे सुचवीतही नाही. मला त्यातली दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गावात राहावयास येण्यापूर्वी गांधीजी गावकऱ्यांशी बोलले होते. गावाने स्वागत केले, पण अस्पृश्यतेच्या बाबतीत आम्हाला तुमच्याबरोबर येणे जमणार नाही, असेही एका वृद्ध गावकऱ्याने तोंडावर सांगितले. गांधीजींना ते कडू वाटले असेल. तरी कोणत्या माणसांत आपण चाललो आहोत, हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत होते. आपण मात्र प्लॉटच्या मालकाशी बोलतो, दलालाशी बोलतो, बँकेशी बोलतो. गावाशी बोलत नाही. गावात कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरते, सणाला कोणाची पंगत कोठे बसते, दलित वस्ती कोणत्या दिशेला आहे आणि तिकडे नळ गेला आहे की नाही, हे आपल्या मुलांना आपल्याआधी कळणार असते. ती तेथे खेळणार असतात.

आणखी एक गोष्ट तेथे घडली. गांधीजींना तेथे एकट्याने राहावयाचे होते. पण माणसे येत गेली, झोपड्या वाढत गेल्या आणि खेड्याच्या कडेला दुसरे एक लहानसे गाव उभे राहिले. खेड्यात मिसळावयास गेलेला माणूस पाहता पाहता खेड्याशेजारी राहू लागतो. गांधीजींच्या बाबतीत जे टळले नाही, ते आपल्या बाबतीत टळावयाचे, तर फार सावध राहावे लागेल. आज सेवाग्रामच्या, पवनारच्या रस्त्याने जी लेआउटची फाटके उभी आहेत, त्यांची नावे बहुधा 'ग्रीन' अशा शब्दाने सुरू होतात. फाटकाच्या आत बोअर खणलेली असते. ती चारशे फुटांवरून पाणी उपसते आणि पलीकडच्या कास्तकाराची विहीर दोन महिने आधी आटते. ही माणसे वाईट नसतात. पण गावाच्या पोटातले पाणी आपण पितो आहोत, हे त्यांना ठाऊकच नसते.

आता मुलांविषयी. सेवाग्रामात संसार घेऊन राहिलेल्यांपैकी आर्यनायकम् दांपत्य मला नेहमी आठवते. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् सिंहलद्वीपातले तमिळ, आशादेवी बंगाली. दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन यांच्या समितीने आराखडा तयार केला आणि पुढे हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम या दोघांनी सेवाग्रामात उभे केले. गावची मुले ज्या शाळेत शिकत, त्याच वातावरणात त्यांचे घर होते. त्यांचा एक लहान मुलगा तेथेच गेला. तरी ते दोघे तेथून हलले नाहीत. हे मी धैर्याचे कौतुक म्हणून सांगत नाही. आई-बापांच्या ध्येयाची किंमत कधी कधी मुलांना द्यावी लागते, हे आपण विसरू नये म्हणून सांगतो. आपल्याजवळ तर तेवढे मोठे ध्येयही नाही. आपल्याला मोकळी हवा हवी आहे. म्हणून दवाखाना किती अंतरावर आहे, सर्पदंशावरची लस तेथे रात्री मिळते की नाही, हे विचारण्यात काही कमीपणा नाही.

या बाबतीत वर्ध्याचे दैव बरे. सेवाग्रामच्या लहानशा कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारावर डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. पुढे आसपासच्या खेड्यांत ज्वारीचा आरोग्य विमा सुरू झाला. पीक निघाले की घरटी ज्वारी जमा करावयाची, ज्याच्याकडे वावर अधिक त्याने अधिक द्यावयाची, आणि गावाला रुग्णालयाचा आधार मिळावयाचा. मला या योजनेत औषधापेक्षाही ती पायली आवडते. नव्याने राहावयास येणाऱ्या माणसाला गावात शिरण्याचा याहून सरळ दरवाजा कोणता?

दुसरे कुटुंब जन्माने याच जिल्ह्यातले. बाबा आमटे 1914 मध्ये हिंगणघाटला जन्मले. 1951 मध्ये साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण आणि एक गाय घेऊन ते वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहावयास गेले. जिल्हा चंद्रपूरचा, पण आमच्या सीमेपासून दूर नव्हे. विकास आणि प्रकाश तेव्हा अगदी लहान पोरे. तेथे आधी खणली ती विहीर. आणि वरोरा गाव अगदी जवळ होते, हेही ध्यानात घ्या. अरण्यात गेले असे आपण म्हणतो. पण आनंदवनाच्या पाठीशी एक बाजारपेठ आणि रेल्वे स्टेशन होते. लहान मुले घेऊन जाताना एवढा आधार असावाच.

कोणी म्हणेल, ही तर थोरामोठ्यांची उदाहरणे झाली. बरे, शाळेचे घ्या, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ तेथे आहे. सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत डॉ. अभय बंग शिकले. वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. मनात आणते तर मुलाला कोठेही पाठविते. त्या शाळेत शेती होती, सूत होते, स्वयंपाक होता. पुढे ते आणि डॉ. राणी बंग 1986 च्या सुमारास गडचिरोलीत गेले, तेव्हा स्वतःची मुले तेथे वाढविण्याची भीती त्यांना आपल्यापेक्षा कमी वाटली असेल, ती या शिदोरीमुळे, असा माझा तर्क आहे. ती जुनी शाळा मध्यंतरी बंद पडली होती; 2005 मध्ये त्याच परिसरात आनंद निकेतन ही मराठी शाळा सुरू झाली आणि आसपासच्या खेड्यांतली मुले तेथे येतात.

आणि आज काय होते? पहाटे सहाला लेआउटच्या फाटकाशी पिवळी बस उभी राहते आणि मुलांना वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत घेऊन जाते. तीच बस पुढे पाटलाच्या, सरपंचाच्या नातवालाही उचलते. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरतात ती ज्यांना बसचे भाडे परवडत नाही त्यांची मुले. मग आपली मुले त्या गावात फक्त झोपावयास येतात. तसे असेल, तर खेड्यात जाण्याचा खटाटोप तरी कशाला? 2022 च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नागपूर आणखी जवळ आले आहे. रस्ता हवाच, पण त्या रस्त्याने मुलांचे सगळे बालपण रोज गावाबाहेर जात असेल, तर आपण जागा घेतली ती गावात नव्हे, रस्त्यावर घेतली.

मुलांना वाटेल त्या शाळेत घालून त्यांचे नुकसान करा, असे मी म्हणत नाही. शाळा चांगली नसेल, तर ते गाव निवडू नका. तीन प्लॉटांची तुलना करण्याऐवजी तीन शाळांची करा. ज्या गावच्या शाळेत तुमचे मूल बसेल, त्याच गावात पाण्याचा आणि पायाचा विचार करा.

मी हे सगळे त्या रात्री बोलून गेलो. चिरंजीव हिशेबाच्या वहीत काही टिपून घेत होते. सूनबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी मला विचारले, "काका, तुम्ही स्वतः वर्धा शहरातच का राहता?" मला उत्तर सुचले नाही, हे या सभेत कबूल करतो. माझी मुले शहरातल्याच शाळेत शिकली.

फाल्गुनात सूनबाई एकट्याच पुन्हा आल्या. प्लॉट पाहिलेच नाहीत. तीन गावांच्या शाळांत जाऊन दोन-दोन तास मागच्या बाकावर बसून आल्या. एका शाळेतल्या बाईंनी त्यांना न विचारता पोषण आहाराच्या रांगेत उभे केले, ते त्यांना फार आवडले. त्याच गावात त्यांनी एका कास्तकाराच्या घरच्या कवेलूच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. जागा विकत घेतली नाही. सध्या ती चौघे तेथे आहेत. परवा फोन आला. विहिरीला कमरेएवढे पाणी उरले आहे, दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाय टाकता येत नाही, चिरंजीव संगणक घेऊन देवळाच्या सावलीत बसतात, आणि थोरली आता 'शेत' म्हणत नाही, 'वावर' म्हणते. पुढे काय ठरविले, असे मी विचारले. सूनबाई म्हणाल्या, "श्रावणात सांगते."