घरबसल्या कोर्स करा, पण कॉलेज सोडू नका



ऑनलाइन शिक्षणावर बोलायला मला बोलावलंय. मी स्वतः केलेल्या एकाच कोर्सबद्दल बोलते. त्याचं नाव 'कॉम्प्युटर आर्किटेक्चर अँड ऑर्गनायझेशन'. तेव्हा आयआयटी खरगपूरमध्ये असलेले प्रा. इंद्रनील सेनगुप्ता आणि तेव्हा एनआयटी मेघालयमध्ये असलेल्या प्रा. कमलिका दत्ता यांनी तो एनपीटीईएलवर शिकवला आहे. 12 आठवड्यांचा कोर्स, व्याख्यानं मोफत.

नाव ऐकून अनेकांना वाटतं, हा कॉम्प्युटर दुरुस्तीचा कोर्स आहे. तसं नाही. आपण लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या आत कसा चालतो, हे तो शिकवतो.

एक उदाहरण देते. लग्नघरात रोट्या कशा होतात? एक जण गोळे करते, दुसरी लाटते, तिसरी भाजते. एका रोटीला लागणारा वेळ तेवढाच, पण तासाभरात रोट्या कितीतरी जास्त निघतात. प्रोसेसरमध्ये याला पाइपलाइन म्हणतात. या कोर्समध्ये मिप्स प्रोसेसर शिकवतात. त्यात एका सूचनेचे 5 टप्पे असतात: सूचना आणणं, ती ओळखणं, क्रिया करणं, मेमरीत वाचणं-लिहिणं आणि उत्तर रजिस्टरमध्ये ठेवणं. पहिली सूचना दुसऱ्या टप्प्यात गेली की तिच्या जागी पुढची येते. अडचण येते ती पुढच्या सूचनेला आधीच्या सूचनेचं उत्तर हवं असेल तेव्हा. गोळाच झाला नाही, तर लाटणार काय? मग थांबावं लागतं, नाहीतर उत्तर रजिस्टरपर्यंत पोहोचायच्या आधीच मधल्या वाटेने पुढे द्यावं लागतं.

कॅश मेमरीही अशीच. रोज लागणारे मसाले आपण डब्यात हाताशी ठेवतो, प्रत्येक चिमटीसाठी दुकानात जात नाही. प्रोसेसरही नेहमी लागणारी माहिती जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत ठेवतो.

माझ्या घरी उर्दू, शाळा मराठी आणि ही व्याख्यानं इंग्रजीत. वर्गात "सर, पुन्हा सांगा" म्हणायला जीभ रेटत नाही. व्हिडिओ मात्र दहादा मागे नेला तरी कुणी हसत नाही. आपल्यासारख्यांना हा मोठाच फायदा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ओळखीच्या एका घरात माझं उदाहरण देऊन मुलीचं कॉलेज थांबवायचं बोलणं सुरू झालं. "ती घरी बसून आयआयटीचं शिकली, मग आमच्या मुलीला रोज बसचे धक्के कशाला?" याला उत्तर द्यायलाच हवं.

मी हा कोर्स कॉलेजच्या जोडीला केला, कॉलेजच्या ऐवजी नाही. कोर्समधलं बेरीज करणारं सर्किट मला पटकन कळलं, कारण लॅबमध्ये वायरी जोडून ते मी आधी बनवलं होतं. मोबाइलवर व्याख्यान बघता येतं, पण मिप्सचे प्रोग्राम चालवून बघायला मला कॉम्प्युटर लागला आणि तो कॉलेजच्या लॅबमध्ये मिळाला. अडलेलं समजावून सांगायला मैत्रिणी होत्या.

शिवाय नियम बघा. गृहपाठाला 25 टक्के आणि परीक्षेला 75 टक्के गुण असतात. परीक्षा फी भरून, केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. म्हणजे घरबसल्या कोर्सलाही घराबाहेर पडावंच लागतं! यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून करून त्यांचे क्रेडिट पदवीला जोडता येतात. ते जोडायला कॉलेजच्या पटावर नाव हवं. नुसतं प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे.

तेव्हा हा कोर्स जरूर करा. दोघी-तिघी मिळून करा, म्हणजे मध्येच सुटणार नाही. आधी डिजिटल लॉजिकची उजळणी करा आणि गृहपाठ त्या त्या आठवड्यातच संपवा.

आणि भावांनो, बहिणीला कोर्सची लिंक जरूर पाठवा. त्याआधी तिच्या कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म भरला आहे ना, तेवढं बघा.